पत्रात न आलेला रोवणा

आमगावच्या फलाटावर बाबा माझ्यापासून लांब उभे होते. माय पोह्यांचं गाठोडं माझ्या हातात कोंबत होती, डोळे पुसत होती, पुन्हा कोंबत होती. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "लोकायच्या देशाची पाळ बांधाले चालला तू. आपल्या बांधीचा धुरा कोन पाहील?" आमच्याकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात, तिच्या बांधाला धुरा आणि पाणी अडवणाऱ्या मोठ्या बांधाला पाळ. मी ओरडून सांगितलं, "एकच वर्ष, बाबा!" त्यांनी मान फिरवली. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

हे लिहितो आहे हॉलंडमधल्या एका खेड्यातून, गावात राहिलेल्या तुमच्यासाठी आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांसाठीही. दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या तरी चालतील.

मी घर का सोडलं, ते आधी सांगतो. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि मालगुजार सांभाळायचा त्या आमच्या गावच्या तलावाला कोणी वाली उरला नाही. पावसात पाळ फुटली. गाव म्हणे, आता तलाव सरकारचा, सरकार बांधेल. सरकारचा काही पत्ता नव्हता. अशात पीटर नावाचा एक गोरा माणूस पाच-सहा सोबत्यांना घेऊन आला. कोणत्या तरी सेवासंघाची ही माणसं देशोदेशी फिरायची आणि पडेल ते काम फुकट करायची. मी मॅट्रिक झालेला, मोडकंतोडकं इंग्रजी येणारा, म्हणून दुभाष्या झालो.

गावानं काय करावं? यांची फावडी-घमेली लपवून ठेवली! पाहुण्यानं चिखलात हात घालायचा म्हणजे गावाची अब्रू गेली. तीन दिवस नुसता पाहुणचार चालला. आज या घरी वडे, उद्या त्या घरी खीर. आमची माय तर पीटरला ताटावरून उठूच देईना. पीटरला वाटलं, या लोकांना आपण नकोसे झालोय. त्यानं सामान बांधायला घेतलं. मी धावत गेलो आणि त्याला गावाची अडचण समजावून सांगितली. तो खूप हसला. मग म्हणाला, तुम्हीही आमच्याबरोबर उतरा, म्हणजे कोणी पाहुणा राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत माय पदर खोचून पाळीवर उभी होती. "पाहुने माती वाहून रायले अन् तुमी पाहून रायले? लाज नाही वाटत?" असं ती एकेकाच्या दाराशी जाऊन बोलली होती. महिन्याभरात पाळ उभी राहिली. तलाव भरला तेव्हा बाबांनी पीटरला चक्क मिठी मारली होती.

पुढं पीटरच्या मुलखात, हॉलंडमध्ये, समुद्र शेतांत शिरला. त्याचं पत्र आलं, मातीकाम जाणणारी माणसं हवीत, येतोस का? संघानं तिकीट पाठवलं. तलाव भरल्यावर पीटरच्या गळ्यात पडलेले बाबा तेव्हापासून गप्प झाले.

हॉलंडला पोचलो त्याच दिवशी एका म्हातारीनं बस म्हणायच्या आधी माझ्या हातात फावडं दिलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत बाप्पा! तिचं घर छपरापर्यंत बुडून गेलं होतं, शेतात मीठ चढलं होतं, आणि मी रुसलो होतो एका ग्लास पाण्यासाठी. आठ दिवसांनी तिनंच मला तिच्या मेलेल्या नवऱ्याचा रेनकोट आणि बूट दिले. खाणाखुणांनी बोलून आमचं छान जमलं. तिच्या शेताचा बांध झाला, मग पुढच्या गावचा, मग त्याच्या पुढचा. एका वर्षाची पाच कधी झाली, कळलं नाही. आता तर मी इथल्याच बांधांच्या कचेरीत नोकरी करतो, सायकलवर जातो, दुपारी पाव आणि चीज खातो. तांदूळ मिळतो, पण त्याला आपल्या भाताचा वास नाही.

घरून गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरातली पत्रं यायची. दर पावसाळ्यात एक ओळ ठरलेली, रोवणा झाला, इकडे सर्व खुशाल. भाताची लावणी वेळेवर होतेय, म्हणजे बाबा धडधाकट आहेत, असं मी धरून चाललो. ते धरणं मला सोयीचंही होतं.

दोन वर्षांमागं रजा काढून घरी गेलो. जाताना आपण मध्यप्रदेशात होतो, परतलो तर मुंबई राज्यात. (आता म्हणे महाराष्ट्र झाला.) अंगणात बाबा काठी टेकत आले. उजवा पाय पार निकामी झाला होता. मी गेलो त्याच पावसाळ्यात ते धुऱ्यावरून घसरून पडले होते आणि त्यानंतर बांधीत उतरलेच नव्हते. मग पाच रोवणे केले कोणी?

मायनं सांगितलं. आपापला रोवणा संपला की दर घरचं एक माणूस एक दिवस आमच्या बांधीत यायचं. मजुरी नाही, परतफेड नाही. अशा मदतीला येणारा भाकरही घरून आणतो, अडलेल्या घरचं खात नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. मी तिच्यात वाढलो आणि सेवा शिकायला समुद्र ओलांडून गेलो! इकडे हॉलंडमध्ये संघाच्या सभांमधून लोक माझं कौतुक करत होते, टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या बापाचं शेत दुसरेच लावत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी बाबांवरच चिडलो. "काऊन नाही कळवलं मले? एक ओळ लिहिली असती त मी धावत आलो असतो!"

"म्हनूनच नाही लिवलं," बाबा म्हणाले. "तू आला असता अन् त्या लोकायची पाळ अर्धी रायली असती."

"पन तुमचं काय, बाबा?"

"माह्यासाठी गाव होतं ना, बापू. घरदार बुडालेल्या त्या लोकायजवळ कोन होतं?"

मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. घर म्हटलं की आता मला तेच अंगण दिसतं, जिथून बाबांनी मला पाच वर्षं परत बोलावलं नाही.