जुन्या अँटेनाचा पाईप आणि रेणापूरची हरवलेली सावली

मे महिन्याच्या मध्यात शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात, नाहीतर कूलरसमोर बसतात. मी आणि माझे वडील नांदेडहून रेणापूरला गेलो, तेही भर दुपारी उन्हात उभं राहायला. या ब्लॉगवर आजवर किल्ले झाले, धबधबे झाले. सिमेंटच्या कॉलमचं प्रवासवर्णन पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सत्त्याहत्तर वर्षांचे निवृत्त भूगोल शिक्षक. एप्रिलमध्ये एकदा जेवताना त्यांनी पेपरचं कात्रण ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "मला रेणापूरला जायचंय. माझी एक चूक तिथं राहिलीय."

मला वाटलं, पेन्शनच्या कागदात काही घोळ असेल. पण गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची निघाली. नोकरीच्या सुरुवातीला ते रेणापूरजवळच्या एका गावात सहावीला शिकवत होते. (गावाचं नाव छापायचं नाही, ही दादांची अट.) दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, असं त्यांनी वर्गात ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बब्रुवान नावाचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मी काठी रोवून बघितली. सावली हाय." वर्ग हसला. दादा नवे होते आणि त्यांना कडक दिसायची घाई होती. "असं का? मग जा, अंगणात उभा राहा. सावली जाईपर्यंत बसायचं नाही." दिवस थंडीचे, सावली कशाला जातेय! दादा हेडमास्तरांच्या मीटिंगला गेले आणि त्याला साफ विसरले. शाळा सुटली तेव्हा तो तिथंच उभा होता.

"पोरगं खरं बोलत होतं," दादा म्हणाले. "मला पुढं कळलं. पण सांगायचं राहिलं."

आता कात्रणाबद्दल. आपल्याकडे सूर्य बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो. त्या दिवशी मध्यान्हीला सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. त्याला शून्य सावली म्हणतात. एक दिवस येतो मे महिन्यात, दुसरा जुलैच्या शेवटाला. म्हणजे एकदा शाळेला सुट्टी आणि एकदा आभाळ भरलेलं. दादांनी इतकी वर्षं भूगोल शिकवला आणि ही गोष्ट एकदाही डोळ्यांनी पाहिली नाही.

कात्रणात गावोगावच्या शून्य सावलीच्या तारखा होत्या. लातूर भागानंतर तीन दिवसांनी नांदेडची होती. म्हटलं, "दादा, इथं गच्चीवरच दिसेल की! कशाला तिकडं तडफडायचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने टोप्या शोधायला लागले.

पहाटेची पहिली एसटी पकडली. पंच्याहत्तरीच्या पुढचे म्हणून दादा फुकट, बाई म्हणून मला अर्धं तिकीट. खोळंबा झाला तो तिसऱ्या प्रवाशामुळे. दादांनी सावली बघण्यासाठी घरच्या जुन्या अँटेनाचा पाच फुटी पाईप बरोबर घेतला होता.

"काका, ह्ये काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"पाईप. सावली बघायला."

"उन्हाळ्यात समदे सावली हुडकून राहिले, अन् तुम्ही पाईप घिऊन चाललात व्हय?"

शेवटी पाईप सीटखाली आडवा घातला. विष्णुपुरीला उजाडलं. लोह्याला एक लग्नाचं वऱ्हाड चढलं आणि त्यांची लोखंडी ट्रंक आमच्या सीटखाली सरकवली गेली. 'कट्' असा आवाज आला होता, हे मी आता कबूल करते. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

अहमदपूरला चहाला गाडी थांबली. दादांनी पिशवीतून मोसंबी काढली, तिला आरपार काडी खुपसली, आणि समोर बसलेल्या कंडक्टरच्या टकलाला सूर्य नेमून शिकवायला सुरुवात केली. पृथ्वी तिरकी राहूनच सूर्याभोवती फिरते. म्हणून सूर्य कधी उत्तरेकडे सरकलेला दिसतो, कधी दक्षिणेकडे, आणि त्यातून ऋतू होतात. उत्तरेकडे जाताना तो आधी लातूरच्या डोक्यावर येतो, मग नांदेडच्या. मागच्या सीटवरचे फेटेवाले काका मोसंबीवर नजर ठेवून ऐकत होते.

"म्हंजी गुरुजी, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून तापतंय, असं न्हाई?"

"उलट. जानेवारीपेक्षा आत्ता तो जास्त लांब आहे."

काकांनी खिडकीतून एकदा वर पाहिलं. "लांबून ही गत हाय! जवळ आला असता तर आपली वाळून खारोडी झाली असती की!"

अख्खी गाडी हसली. सूर्यही हसला आणि त्याने घंटी मारली. मोसंबी नंतर काकांनीच सोलून खाल्ली, काडीसकट म्हणता येणार नाही, पण जवळजवळ तसंच.

साडेनऊच्या सुमाराला लातूर. स्टँडबाहेर पाहावं तिकडे क्लासचे फलक आणि त्यांवर पोराबाळांचे पासपोर्ट फोटो. गाड्यावर सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट आणि कोथिंबीर. दोघांचं पोट भरतं आणि शंभराची नोट मोडून सुटे परत येतात. दादांनी दोनच घास खाल्ले आणि बशी बाजूला सारली.

"काय बोलायचं ते ठरवलंय का?" मी विचारलं.

"ठरवलंय. एकच वाक्य आहे. माझी चूक होती, तुझं बरोबर होतं."

रेणापूरची गाडी पाऊण तासात पोचवते. तिथून गावापर्यंत रिक्षा केली. रिक्षावाल्याने वाटेत पाईपकडे पाहून विचारलं, "बोअरचं काम हाय का?" बब्रुवानचं नाव काढताच म्हणाला, "बब्रुवान मिस्त्री? सांगा की मग, साइटवरच सोडतो."

बब्रुवान मिस्त्री साठी ओलांडलेले, अंगाने काटक. खिशातून ओळंब्याची दोरी लोंबत होती. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा, दोरीला टांगलेला लोखंडी गोळा. दादांना त्यांनी क्षणात ओळखलं, सिमेंटचे हात पँटला पुसून पाया पडले, कुणाच्या तरी घरून प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या. हातचं काम थांबलं. पाच-सहा गवंडी, बिगारी भोवती जमले.

दादांनी घसा साफ केला. "बब्रुवान, मी तुला एकदा दिवसभर उन्हात उभं केलं होतं. आठवतं का?"

"कोणत्या येळेचं म्हणता गुरुजी? म्या तर लई बारी उभा होतो."

हशा झाला. बब्रुवानही हसले. दादांनी पन्नास वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तिथेच अडकलं. मला त्यांचा चेहरा बघवेना. आणि अडचणीत सापडलेला शिक्षक जे करतो तेच त्यांनी केलं. ते शिकवायला लागले.

विटांच्या आधाराने पाईप उभा केला. मोबाइलवर बारा वाजले. सावली वीतभर. "गेली न्हाई की वो," एक बिगारी म्हणाला. दादांनी समजावलं, आपलं घड्याळ पार मिर्झापूरजवळच्या रेषेवर लावलेलं आहे, आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून इथली खरी दुपार वीसेक मिनिटांनी होते. सगळे थांबले. सव्वाबारा झाले. सावली आकसत आली. बारा वीस झाले. सगळ्यांच्या माना खाली.

आणि पाईपच्या बुडाशी बोटभर सावली तशीच होती. दोन मिनिटं गेली, तरी होती.

दादा सावलीकडे बघत राहिले. एवढा आटापिटा करून, एवढ्या लांब येऊन, त्याच गावात, त्याच पोरासमोर ते दुसऱ्यांदा खोटे ठरत होते. मला त्या ट्रंकेचा 'कट्' आठवला.

"गुरुजी," बब्रुवान अगदी हळू म्हणाले, "राग येणार नसला तर सांगतो. सावली हाय."

दादांनी मान वर केली.

"पर तुमचं खोटं न्हाई," बब्रुवान म्हणाले. त्यांनी ओळंबा काढून पाईपशेजारी धरला. पाईप मधोमध वाकलेला स्पष्ट दिसला. "पाईप वाकडा हाय. हिकडं या. ह्यो कॉलम म्या सोता ओळंब्यात घेतलाय."

दहा फुटी कॉलम, कालच फळ्या काढलेला. त्याच्या चारी बाजूंना लख्ख ऊन होतं. सावली कुठेच नव्हती. दादांनी त्याला दोनदा प्रदक्षिणा घातली. बिगाऱ्यांनी आपापल्या पायांखाली बघायला सुरुवात केली. एकाने उडी मारून पाहिली, उडीची सावली बरोब्बर त्याच्या खाली पडली, मग सगळेच उड्या मारायला लागले. दादा डोळे पुसत होते. घाम आलाय म्हणाले. मलाही तेव्हा तसाच घाम आला.

आता बोलतील, असं मला वाटलं. दादा कॉलमवर हात ठेवून म्हणाले, "काम चांगलं केलंयस."

झालं, एवढंच. मग भाकरी, शेंगाचटणी, कांदा आणि कापलेला आंबा, असं साइटवरच्या सावलीत, म्हणजे खऱ्या सावलीत बसून जेवलो. पाईप बब्रुवान मिस्त्रींनी तिथेच ठेवून घेतला, पाण्याची नळी अडकवायला कामी येईल म्हणून. परतीच्या गाडीत चाकूर आलं. तेव्हा दादा एकदम म्हणाले, "राहिलंच."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी: प्रत्येक गावाची तारीख वेगळी असते, आधी बघून घ्या. बाराला नाही, खऱ्या मध्यान्हीला उभे राहा. पाणी, टोपी न्या. पाईप नेऊ नका, गावात कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं.

आणि घरी काय आलं म्हणाल, तर थोडा उन्हाचा त्रास, आणि त्या 'राहिलंच'चं ओझं. दादांचं जेवणात लक्ष नव्हतं. फोन लावा म्हटलं तर म्हणाले, फोनवर काय सांगायचं असलं.

तिसऱ्या दिवशी नांदेडची पाळी आली. बारा सतराला आम्ही गच्चीवर. दादांनी स्टीलचा पेला पालथा ठेवला होता. त्याची सावली अगदी शहाण्यासारखी गेली. तेवढ्यात दादांचा फोन वाजला. बब्रुवान मिस्त्री. मी स्पीकर लावला. मागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

"गुरुजी, कॉलमची सावली परत आली. रोज बगून राहिलो. आज दोन बोटं हाय, अन् उलट्या अंगाला, दक्षिणेकडं पडली. ह्ये कसं?"

सूर्य आता रेणापूर ओलांडून उत्तरेला, आमच्या डोक्यावर आला होता. प्रश्न दादांच्या आवडीचा, उत्तर किमान वीस मिनिटांचं. मी पालथ्या बादलीवर बसून घेतलं.

पण दादांनी काही शिकवलं नाही. फोन दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "आज बरोबर आहे, आणि तेव्हाही तुझंच बरोबर होतं." मग वर्गातल्या जुन्या आवाजात म्हणाले, "बस खाली, बब्रुवान."

पलीकडे मिक्सर बंद झाला.

"बसलो, गुरुजी."