ग्रोथ फॅक्टरला चहा

आठवीतून शाळा सोडलेल्या बाईला कोणी विज्ञानाच्या तालमीत घेतलं, तर ती घाबरणारच. मीही घाबरले होते. यवतमाळकडून इतक्या लांब भिलाईत आले, तेव्हा पावर हाउस भागातल्या या घरानं मला जेवणाचे डबे करायचं काम दिलं, वर राहायला खोली दिली. आता त्यांच्याच लेकीचा सेमिनार माझ्यापायी फिसकटला तर?

लेक, म्हणजे आमची ताई, एमएस्सीला होती. हुशार, पण चार माणसांपुढे उभी राहिली की अर्ध्यात अडकायची. या वेळी अडकले तर कॉलेजच सोडते, म्हणाली. सोडणं म्हणजे काय, ते मला विचारा. म्हणून, घरच्यांनाच पेशीचे भाग करून विषय पक्का करायच्या तिच्या तालमीला मी हो म्हटलं.

"आपलं घर म्हणजे वाढणारी नर्व्ह सेल," ताईनं समजावलं. "तू ग्रोथ फॅक्टर. दारात येऊन उभी राहायचं, बस. आई-बाबा दारातले रिसेप्टर. तू आली की दोघं जवळ सरकतील आन एकमेकाले फॉस्फेट लावतील."

फॉस्फेट म्हणजे काकूंचं, ताईच्या आईचं, टिकल्यांचं पाकीट. पुढे एक टिकली फ्रिजला, मग एक कूलरला, असं करत निरोप कपाटापर्यंत न्यायचा. कपाट म्हणजे केंद्रक. ते उघडलं की जीन्स चालू होतात आणि पेशीला लांब शेपूट फुटते.

मी दारात उभी राहिले. काका, म्हणजे ताईचे बाबा, पोलादाच्या प्लांटातून रिटायर झालेला माणूस, टिकली लावून घेईनात.

"शेजारचे पाहून राहिले ना!"

"तुमी आता माणूस नाही, रिसेप्टर आहा," काकू म्हणाल्या आणि चिकटवली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "अव, हे कावून उन्हात उभी आहे? ये व आत, चहा ठेवते."

"आई! वो अंदर नहीं आती! फक्त निरोप आत जाते!"

"आपल्या दारातून कोणी तसंच परत गेलं नाही आजपर्यंत."

काकूंनी माझा हात धरून ओढलं. काकांनी काकूंचा पदर पकडला, कारण रिसेप्टरनी सुटायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. तिघंही सरळ कपाटावर आदळलो.

मी रडकुंडीला आले. झालं, वाटोळं केलं! ताई मात्र आमच्याकडे बघतच राहिली.

"अरे, हे तर पुढच्या पानावर आहे! शेपूट लांब असली की टोकावरचा निरोप केंद्रकापर्यंत पोचवाले त्रास. मंग पेशी फॅक्टरले आन रिसेप्टरले संगंच आत ओढते, पडद्याच्या पुडीत गुंडाळून. ते रस्त्याभर निरोप देत जातात. तो भाग मी भीतीनं गाळूनच टाकला होता!"

"मी तेच तर म्हणत होती," काकू म्हणाल्या.

"तू चहा म्हणत होती," काका म्हणाले.

ताईनं तिथंच, आमच्यापुढे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हणून दाखवलं. मधे एकदा थांबली, पण ते हसू आवरायला.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यापासून मी कणीक मळत होते आणि कान फोनकडे होता. वाजला. काकूंनी स्पीकरवर टाकला.

"झालं! अडकली नाही मी, एकदाही नाही! सर म्हणाले, पुढच्या वेळी आणखी बोल."

मी आनंदाच्या भरात मळलेल्या कणकेत तांब्याभर पाणी ओतलं. त्या दुपारी जामुल गावाकडे जाणाऱ्या डब्यांत पोळ्यांऐवजी धिरडी गेली.