आली का रं गाडी?

जळक्या पाचटाचा वास आला की पलूसजवळच्या आमच्या रानातलं ते वर्ष आठवतं. उसाच्या पाचटापासून जळणाच्या विटा करणारा कारखाना सरकारी अनुदानावर निघाला होता. "गाडी येईल, पाचट नेईल," असं मी गावात भाषणच ठोकलं. शेजारचे निवृत्त सुभेदार हसले, "अनुदान संपलं की कारखाना बी संपंल, गड्या." सगळ्यांनी पाचट पेटवलं आणि मी एकटा माझा ढीग राखत बसलो. सुभेदारांनी मात्र आपलं पाचट पेटवण्याआधी, माझ्या ढिगाला झळ लागू नये म्हणून, माझ्या बांधालगतचा पट्टा झाडून, पाणी मारून घेतला. गाडी आलीच नाही. रोज संध्याकाळी ते बांधावरून ओरडायचे, "आली का रं गाडी?" मीही ऐटीत सांगायचो, "आवं, वाटंत हाय!" सुभेदार यंदा वारले. काल संध्याकाळी रिकाम्या बांधाकडं बघून मीच मोठ्यानं ओरडलो, "आवं, वाटंत हाय!"