पाठीतली उसण

नानाजी भोयर गोंडपिपरीकडच्या नदीकाठचा, डोंग्यातून मासे धरणारा ढिवर. दर शनिवारी मारुतीच्या पारावर खंजिरी वाजवून भजन म्हणायचा आणि शेवटी हात जोडायचा, "देवा, हा देह तुहा. कवाही हाक मार."

शहाऐंशीच्या पुरात नदीपलीकडच्या टोलीतली, त्या छोट्या वस्तीतली माणसं छपरांवर अडकली. गावात एकच डोंगा होता आणि तो हाकायला दोघं लागत. म्हातारा सुकरू तयार झाला. मग सगळ्यांनी नानाजीकडे पाहिलं. लोंढ्यातून मोठमोठी लाकडं वाहत होती. नानाजी खाली मान घालून म्हणाला, "माह्या पाठीत उसण भरली."

त्याची बायको वच्छला पुढं झाली. तिनं पदर खोचला आणि डोंग्यात बसून वल्हं उचललं.

डोंगा परत आला तेव्हा तिनं एक भिजलेलं लेकरू त्याच्या हातात दिलं. ते त्याच्या गळ्याला बिलगलं. नानाजीला कुणाकडे बघवेना. लेकरू शेजारणीकडे देऊन तो वच्छलाला म्हणाला, "उतर. मी जातो." उरलेली माणसं त्यानं आणि सुकरूनं आणली.

पुढं कुणाच्या घराला आग लागो की कुणी नदीत बुडो, नानाजी सगळ्यांच्या आधी धावायचा. लोक त्याला देवाचा भगत म्हणू लागले. एकदा जेवताना तो वच्छलाला म्हणाला, "हे भक्ती नाई. त्या दिवसाची लाज मले बसू देत नाई."

"लाजेनं उठता, पण उठता न," ती भात वाढत म्हणाली. "देवाचं काम तं होते."

नानाजी खाली मान घालून भात कालवत राहिला.