नाक तपासायचं राहिलं

"प्रज्ञा, वास येतोय का गं?" मी भिंतीच्या या बाजूनं ओरडले.

"न्हाई मॅडम!" आतून उत्तर आलं. मोकळ्या, खणखणीत आवाजात.

आणि अन्सारीनं ग्राइंडरचा प्लग उचलला.

आमची कुरकुंभची कंपनी औषधांचा कच्चा माल बनवते. मी तिथे सेफ्टी ऑफिसर आहे. सेफ्टी ऑफिसर म्हणजे पगार घेऊन सगळ्यांना वैताग आणणारी बाई. त्या सकाळी टँक फार्मवर काम होतं. तिथे सॉल्व्हेंटच्या मोठ्या टाक्या उभ्या असतात. त्यांच्याभोवती कमरेएवढी भिंत घातलेली असते. टाकी फुटलीच तर माल बाहेर पसरू नये म्हणून. त्या भिंतीला आम्ही डाइक म्हणतो. डाइकच्या कठड्याचा एक गंजका बोल्ट फिटर अन्सारीला कापायचा होता. ग्राइंडर चालला की ठिणग्या उडतात, म्हणून आधी गॅस मीटरनं हवा तपासल्याशिवाय मी परवानगी देत नाही. पण मीटर चालू केला की तयार व्हायला थोडा वेळ घेतो. तेवढ्यात जो आत असेल त्याला आमच्याकडे सगळेच विचारतात, वास येतोय का? सवय आहे ती. चहा झाला का विचारावं तशी.

आत प्रज्ञा होती. आयटीआयची ट्रेनी. केमिकल प्लँट ऑपरेटरचा ट्रेड, शेवटचं वर्ष. पाइपलाइन कुठून कुठे जाते ते बघत ती पंपाजवळ उभी होती.

मी मीटर घेऊन भिंतीवर वाकले आणि माझ्या नाकात थिनरचा भपकारा शिरला. टोल्युइन, पटकन पेट घेणारं सॉल्व्हेंट. पंपाच्या बाजूला फरशी ओली होती. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, खालीच साचते. म्हणजे डाइक वाफेनं भरलेला, आणि पोरगी त्यात गुडघ्याच्या वर बुडालेली. माझ्याकडे बघून हसत होती.

"अन्सारी! हाथ मत लगा! प्लग नीचे रख!"

मी अशी किंचाळले की पलीकडच्या शेडमधली माणसं बाहेर आली. अन्सारी जागच्या जागी गोठला. "मॅडम, लड़की बोली ना, स्मेल नहीं है..." हातातला मीटर तोवर जागा झाला आणि कोकलायलाच लागला.

प्रज्ञाला मी दंडाला धरून बाहेर ओढलं. प्लगचा बोर्ड दहा पावलांवरसुद्धा नव्हता. प्लग बसला असता, एक ठिणगी पडली असती, तर? पुढचं मनात येऊ दिलं नाही. तरी ते येतच राहिलं. एरिया रिकामा केला, पंप बंद करवला, आग लागू नये म्हणून फरशीवर फोम मारून घेतला. सगळं करताना तोंड चालू होतं. आणि डोक्यात एकच, ही पोरगी खोटं का बोलली? कामाचा खोळंबा नको म्हणून? मला खूश करायला?

कंपनीच्या दवाखान्यात ती कॉटवर बसली होती. डोकं दुखतंय म्हणत होती. मी तिच्यावर तुटूनच पडले.

"वास येतोय का विचारलं तर नाही कशी म्हणालीस? लाज नाही वाटत? जीव गेला असता आपला तिघांचा!"

ती भेदरली. ओठ हलायला लागले. मग म्हणाली, "मॅडम, मला वास येतच न्हाई. तुम्ही इचारलं, येतोय का. मी खरं तेच सांगितलं."

आपल्या भाषेत 'वास येत नाही' म्हणजे हवा स्वच्छ आहे, आणि 'वास येत नाही' म्हणजे माझं नाक चालत नाही. दोन्हीला एकच वाक्य! पोरीनं एक सांगितलं, अन्सारीनं दुसरं ऐकलं.

सिस्टरला पटेना. तिनं कॉफीची बाटली उघडून नाकाखाली धरली. काही नाही. मग स्वतःच्या डब्यातली सुकटीची चटणी धरली. दवाखानाभर घमघमाट सुटला. कंपाउंडर उठून बाहेर गेला. प्रज्ञा डोळे मिटून शांत बसलेली. "काय हाय ते?" म्हणाली.

"कधीपासून गं असं?"

"जल्मापासनंच आसंल. शाळेजवळ उकिरडा होता. पोरी नाकाला ओढणी लावायच्या, मीबी लावायची. मला वाटायचं, तशी रीतच हाय."

"अगं पण तुमच्या ट्रेडला प्रत्येक केमिकलचा वास शिकवतात ना?"

"व्हय की. टोल्युइनचा थिनरसारखा, गोडसर. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा. समदं पाठ हाय मॅडम. परीक्षेत पैकीच्या पैकी पडल्यात."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. अंगावर काटा आला. वासाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क, आणि मार्क देणाऱ्या एकानंही तिच्या नाकाखाली बाटली धरून बघितली नव्हती. आमच्या कंपनीनंही नाही. ट्रेनिंगला घेताना आम्ही डोळे तपासतो, लाल-हिरवं ओळखता येतं का बघतो, कान, फुप्फुसं, वजन. नाक असतंच असं धरून चालतो.

दुपारी प्लँट मॅनेजर साहेबांनी बोलावलं. त्यांचा निर्णय झालेला होता. "मॅडम, ट्रेनिंग बंद. आजच परत पाठवा."

मी मान हलवली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. ती गेली की माझी भीती जाणार होती.

आयटीआयच्या प्राचार्यांना फोन लावला. ते माझ्याहून घाबरलेले. "बापरे! आम्हाला काहीच कल्पना नाही हो मॅडम. काढतो तिला ट्रेडमधून. कॉम्प्युटरला जागा असली तर बघू, नाहीतर घरी बसू दे. उद्या काही झालं तर संस्थेवर यायचं."

"सर, तिचं शेवटचं वर्ष आहे. केलेलं सगळं वाया जाईल."

"मग काय करता? हे तिचं क्षेत्रच नाही."

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. निमोण्याहून न्हावरे, चौफुला असं गाड्या बदलत. गावात अंगणवाडी चालवते. मला वाटलं, रडेल, हातापाया पडेल. बाई खुर्चीवर ताठ बसल्या.

"मॅडम, मी रोज गावच्या पोरांची वजनं घेती, उंची घेती. कुणाला दिसत न्हाई, कुणाला ऐकू येत न्हाई, समदं माझ्या ध्यानात येतं. आन् माझ्या पोरीचं नाक मलाच कळलं न्हाई. एकदा घरात गॅस लीक झाला, ही शेजारीच अभ्यासाला बसलेली. मी आले म्हणून बरं. तवा म्हणाले, पोरगी पुस्तकात इतकी बुडती!" त्यांचा आवाज फाटला. पदरानं डोळे पुसून परत म्हणाल्या, "दहावीला सर म्हणले, मार्क हायेत, केमिकलला घाला, कुरकुंभला नोकरी लागंल. तवाच कुणी सांगितलं असतं तर दुसरं काहीतरी बघितलं असतं. आता तिला घरी न्यायला न्हाई आले मी. तिला कुठं बसवता ते इचारायला आले."

"ताई, मला भीती वाटते," मी म्हणाले. "तिला काही झालं तर?"

"मला वाटत न्हाई व्हय?"

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. "मलाबी वाटतंय मॅडम. रातभर डोळा न्हाई लागला. पर घरी जायचं त्याहून जास्त भ्या वाटतंय."

त्या दोघींना मी चहा पाजला आणि एकटीच कंट्रोल रूमला जाऊन उभी राहिले. तिथे प्लँट पडद्यावर दिसतो. तापमान, दाब, कुठला व्हॉल्व्ह उघडा. गडबड झाली तर दिवा लागतो, भोंगा वाजतो. मी तासभर ऑपरेटरचं काम बघितलं. डोळे, कान, डोकं आणि बोटं. नाकाचं काम एकदाही पडलं नाही.

साहेबांकडे परत गेले. "फील्डवर अनफिट, कंट्रोल रूमला फिट, असं देते लिहून."

"तुमच्या जबाबदारीवर?"

"हो."

"मॅडम, तुमच्याच अंगाशी येईल. कशाला विकतचं दुखणं घेता?"

"साहेब, दुखणं कालच घेतलंय. आता औषध करते."

अटी घातल्या. फील्डवर पाऊल टाकायचं नाही. छातीला गॅस डिटेक्टर कायम. सायरन झाला की शिफ्टमधल्या जोडीदाराचा हात धरूनच बाहेर. 'वास येतोय का' हा प्रश्न कंपनीत बंद केला. आता 'मीटर काय दाखवतोय' असं विचारतात, म्हणजे नुसत्या 'नाही'वर कुणी प्लग लावत नाही. आयटीआयनं कुरकुर केली, पण ट्रेडमधून काढलं नाही. प्रज्ञा पास झाली, आमच्याकडेच लागली. चांगलं काम करते. पण सायरन वाजला की आजही मी आधी कंट्रोल रूमच्या दाराकडे बघते. ती बाहेर आलेली दिसली की मग श्वास सुटतो.

हल्ली दौंड-शिरूरच्या शाळांमध्ये मला करिअरवर बोलायला बोलावतात. शिक्षक विचारतात, न झेपणाऱ्या क्षेत्रापासून मुलांना आम्ही अडवावं का? मी म्हणते, अडवा की. पण दहावीला अडवा, शेवटच्या वर्षाला नको. आणि 'इथे नको' म्हणालात तर 'मग कुठे' तेही त्याच दमात सांगा. ते शोधायला तासभर उभं राहावं लागतं. नुसतं 'हे तुझं क्षेत्र नाही' म्हणायला काही लागत नाही, घाबरलेला माणूस पुरतो.