दुपट्ट्याची गाठ

“माणसाले टेकाले जागा नाही, अन् कुत्र्याचा थाट पाह्य कसा,” जीपमध्ये माझ्यासमोर बसलेली बाई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली. कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं.

थाट म्हणजे काय, तर एक विटकी सतरंजी, पाण्याची बाटली, जर्मनचं वाडगं आणि साखळी. कुत्रा माझ्या पायांशी बसला होता. बाबांची बँकेतली बदली झाली तेव्हा त्याला शेलूबाजारला आत्याकडे ठेवलं होतं. वर्षानं मी त्याला न्यायला आले होते. जीपनं जऊळका, तिथून मीटरगेजची गाडी. गार्डच्या डब्यात कुत्र्यांसाठी लोखंडी पेटी असते, तीत तो जाणार होता. आत्या स्टेशनापर्यंत सोबत होती. सत्तरीच्या दशकातला एक एप्रिल. सकाळी नऊलाच जीपच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

आठ दिवस मी तयारी केली होती. शाळेच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकातून सूचना वहीत उतरवून घेतल्या होत्या. रोज त्याला लाकडी खोक्यात थोडा वेळ बसवायचं, मग थोडा जास्त. प्रवासाआधी सहा तास खायला काही नाही, पाणी घोटभरच. बाजारात चपला शिवणाऱ्याकडून चामडी पट्ट्यांचं मुसकं करून घेतलं, बैलाला घालतात तसं, पण आत तोंड उघडता येईल, जीभ बाहेर काढता येईल असं सैल. कुत्र्याला घाम येत नाही, तो जिभेनंच थंड होतो, हेही वहीत होतं. आत्याच्या अंगणात येणारे-जाणारे उभे राहून बघायचे. “इंग्रजी शाळेत हेच शिकवतेत काय वो?” एकानं विचारलं. माझं उत्तर आधी इंग्रजीत तयार व्हायचं आणि त्याचं मराठी होईपर्यंत माणूस निघून गेलेला असायचा.

जीपवाल्याला मुसकं पटलं नाही. “हे काय, याच्यातून जीभ बाहेर येते. मंग दात नाई येत काय?”

“चावला त बेंबीभवती चौदा सुया घ्या लागतेत बापा,” समोरची बाई म्हणाली.

जीपवाल्यानं मुसकं काढून माझ्या मांडीवर टाकलं, खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि कुत्र्याच्या तोंडाला तीन वेढे देऊन कानांमागं गाठ मारली.

“बांधू दे बाई,” आत्या म्हणाली. “लोकायले भेव वाटते.”

मला त्या जीपमधल्या प्रत्येकाचा राग आला होता, आत्याचासुद्धा. तरी बांधताना कुत्र्याचं डोकं मीच धरून दिलं.

रस्ता खराब होता. दोन-तीन मैलांतच दुपट्ट्याची कड ओली झाली. लाळ थांबेना. कुत्रा पुन्हा पुन्हा गिळत होता, नाकानं जोरात श्वास घेत होता. समोरच्या दोघींनी लुगडी आवरून पाय वर घेतले आणि तोंड फिरवलं.

“गाडी लागली वाटतं,” मी आत्याला हळूच म्हणाले. “बरं आहे, पोट तरी रिकामं आहे.”

“रिकामं कायले?” आत्या म्हणाली. “पहाटे दूध-भाकर कुस्करून देल्ली म्या. वाडगाभर. निघताना दह्याचं बोटबी चाटवलं. घरून निघालेल्या जीवाले उपाशी धाडतेत काय?”

दही तिनं माझ्याही तळहातावर ठेवलं होतं. तिच्या घरातून कोणी उपाशीपोटी बाहेर पडलं नव्हतं, मग कुत्रा कसा पडेल? आणि त्याला खायला देऊ नका, हे मी घरात कोणाला सांगितलंच नव्हतं. ते फक्त वहीत होतं, इंग्रजीत.

त्याच पानावर पुढची ओळ होती. कुत्र्याचं तोंड आवळून बांधू नये. ओकारी आली तर ती श्वासनळीत जाते.

त्याच्या पोटाला पहिला हिसका बसला. मी गाठीला हात घातला. लाळेनं ती घट्ट झाली होती. नखानं सुटेना, म्हणून वाकून दातांनी ओढली. दुसऱ्या हिसक्याला वेढे सैल झाले आणि दूध-भाकरीचा लगदा सतरंजीवर पडला, थोडा समोरच्या बाईच्या पिशवीवर.

जीप थांबली. पिशवीवाली एकदम बोलू लागली. माझ्या बापानं मला काय शिकवलं, इथपासून मला नवरा कसा मिळणार, इथपर्यंत. जीपवाला उतरून मागं आला.

“बांधा परत,” तो म्हणाला. “नाई त इथंच उतरा दोघं. कुत्रं अन् तुमी.”

दोन्ही बाजूंना कापसाची मोकळी वावरं होती, झाड एकही नव्हतं. स्टेशन चालत गाठण्यासारखं नव्हतं.

“बांध बाई,” आत्या म्हणाली. “थोडाच रस्ता राह्यला.”

कुत्र्यानं जीभ बाहेर काढली होती, पण पोट पुन्हा आत ओढलं जात होतं. दुपट्टा माझ्याच हातात होता. सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

“बांधणार नाही,” मी म्हणाले. “पोटात अजून आहे त्याच्या. माझं मुसकं घालते, चावला तर मला चावेल. उतरणारही नाही. गाडी चालवा.”