साडूंचा चिमटा आणि ओले बोंबील

माझ्या साडूंइतका दाबून पाहणारा माणूस अख्ख्या वसईत झाला नाही. डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. टोमॅटो, उशी, लग्नातला गुलाबजाम, सगळं आधी दोन बोटांत धरून पाहायचं. नव्या माणसाचा हात हातात घेतला, तरी तो पिकलाय का याचा अंदाज घेत असल्यासारखे उभे राहत. पाचूबंदरच्या एका मासेवाल्या मावशीने त्यांना सुनावलंच होतं, "दादा, घ्यायचा तर घे. दाबून दाबून सगला पानी काढशील त्याचा!"

नवं शतक नुकतंच लागलं होतं. डॉक्टर दूर बसून यंत्राच्या चिमट्याने ऑपरेशन करणार, अशा बातम्या पेपरात येत होत्या. इंजिनिअरिंग शिकवणारे आमचे साडू त्या वाचून अस्वस्थ. "चिमट्यात काय आलंय ते बोटाला कळायला नको, साडूभाऊ?" मग एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या बाल्कनीत यंत्राचे स्नायू तयार होऊ लागले. रबरी नळीवर जाळीचा मोजा चढवायचा आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची. नळी फुगून आखूड होई आणि चिमटा ओढी. चिमटा जितकं आवळेल, तितकी दुसऱ्या टोकाला बोटात घालायच्या अंगठीतली इवलीशी पिशवी फुगून बोट दाबी. या संशोधनात घरच्या कुकरची शिट्टीही कामी आली. "कुणाला कापायचंय ते कापा, पण वरणाच्या आधी शिट्टी परत द्या," मेव्हणी म्हणे.

बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांनी प्रात्यक्षिक पाहून चिमटा पसंत केला, तरच कॉलेज पुढचं काम करू देणार होतं. मी सुचवलं, उचलायला रबराचा गोळा ठेवा. पण साडू पडले मासेखाऊ. "ओल्या बोंबलाहून नाजूक काय आहे? तो न तुटता उचलला की जिंकलो!" आणि चिमट्याने तो खरोखर तान्ह्या बाळासारखा उचलला. फक्त डॉक्टर उशिरा आले आणि बर्फ आधीच वितळला होता. नाकाला रुमाल लावून सगळ्यांनी दारातूनच कौतुक केलं. अंगठीत बोट मात्र एकानेही घातलं नाही. काम बंद झालं.

त्या रविवारी साडूंनी मला हॉलमध्ये बसवलं, अंगठी माझ्या तर्जनीत घातली आणि नळ्यांच्या दुसऱ्या टोकाचा चिमटा घेऊन स्वयंपाकघरात गेले. जरा वेळाने बोटाला काहीतरी मऊ लागलं. मग ते हलकेच उडू लागलं.

"काय आहे हो?" मी ओरडलो.

"माझं मनगट. नाडी लागतेय?"

"लागतेय!"

आतून पंप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "झालं तर मग."

साडू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा चेहरा आठवायला मला आता जुना फोटो बाहेर काढावा लागतो. ते ठोके मात्र या बोटाला अजून आठवतात.